मंगळवारची अकराची लाइन

१५ सप्टेंबर २०२०, मंगळवार

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. माइकच्या जाळीतली धूळ दात घासायच्या ब्रशने काढत होतो, तेवढ्यात लुहानसाहेब आत आले आणि म्हणाले, "ऋषी, आजपासून आमच्या मीटिंगा तुझ्याकडे."

ऋषी म्हणजे मी. हृषीकेश इथे कोणाला म्हणता येत नाही. लुहानसाहेब म्हणजे दूतावासाच्या सांस्कृतिक विभागाचे अधिकारी, आणि 'आमच्या' म्हणजे त्यांच्या हिस्पॅनिक कर्मचारी मंडळाच्या. मंडळ हा शब्द माझा. त्यांच्या देशाच्या परराष्ट्र खात्यात घरी स्पॅनिश बोलणारे जेवढे कर्मचारी आहेत त्यांची ही संघटना, जगभर शाखा. नव्या माणसाला हात द्यायचा, बढतीच्या मुलाखतीला तयार करायचं, सण एकत्र करायचे. आपल्या महाराष्ट्र मंडळासारखंच — फक्त नाटक नाही. देशाचं नाव इथे लिहिणार नाही. माझ्या करारात तशी अट आहे. ही वही कोणी वाचणार नाही, तरी नाही.

माझं काम मीटिंगरूमचं. स्क्रीन, माइक, फोनच्या लाइनी. तेही अर्धा वेळ. सांगलीला डिप्लोमा अर्धा सोडला, डब्लिनचा कोर्स अर्धा झालाय. अर्ध्या माणसाला पूर्ण वेळ कोण देणार!

आज खोलीत थोडेच होते, कोरोनामुळे मधल्या खुर्च्यांना पट्ट्या लावून. बाकीचे घरून, स्क्रीनवर. लुहानसाहेबांनी सुरुवातीला एकेकाचं नाव घेतलं. ज्याचं त्याने उत्तर दिलं — "प्रेसेंते." म्हणजे हजर. (नंतर शब्दकोशात पाहिलं. बरोबर.) शेवटी त्यांनी एक नाव जरा थांबून घेतलं, "अम्पारो व्हियेगास." आणि सगळेच्या सगळे — स्क्रीनवरचेसुद्धा, माइक उघडून — एकदम ओरडले, "प्रेसेंते!"

अंगावर काटा आला. कोणीतरी फार मोठ्या बाई असणार. आपण नाही का, एकाने 'गणपती बाप्पा' म्हटलं की सगळे 'मोरया' म्हणतो. बाई स्क्रीनवर दिसल्या नाहीत. फोनवरून असतील. नुसते नंबर दिसणारे दोघं-तिघं होतेच.


१७ सप्टेंबर, गुरुवार

लुहानसाहेबांना डून लेरीची डार्ट लोकल पकडायची होती. कोट घालता घालता काम सांगितलं. यंदा मुलाखत देणारे पाच जण आहेत. प्रत्येकाला एक जुनाजाणता मार्गदर्शक द्यायचा, आठवड्यातून एकदा तासभर फोनवर बोलणं. "मंगळवारच्या मीटिंगला जे हजर होते त्यांतले ज्येष्ठ घे. नंबर डिरेक्टरीत आहेत. जोड्या तूच लाव."

"सर, मी?"

"नुसतं बोलायचं तर आहे, ऋषी. लग्न नाही लावायचंय!"

मला अशी कामं नको असतात. रात्री झोप लागत नाही मग. गेटवरच्या फिंटनला विचारलं, या पाचांत सर्वांत गरज कोणाला? फिंटन तिथला पहारेकरी, वीस वर्षं तिथेच, त्याला सगळ्यांचं सगळं माहीत.

म्हणाला, "मारिसेल. व्हिसाच्या खिडकीवर बसते ती. दोनदा पाडलंय तिला. तीनच संधी असतात. यंदा नाही झालं तर मार्चमध्ये तिचा करार संपला. बोलिव्हियाची आहे, नवरा सोडून गेलेला, मुलगी शाळेत. फार चांगली बाई. मुलाखतीला बसली की दातखीळ बसते."

मग मारिसेल किस्पेंना मी सर्वांत मोठं नाव दिलं. अम्पारो व्हियेगास. दिवस मंगळवार, वेळ सकाळी अकरा. पाचही जोड्या लुहानसाहेबांना ईमेलने पाठवल्या. प्रत्येक नाव तीनदा तपासलं.


२२ सप्टेंबर, मंगळवार

पहिली लाइन. अम्पारोबाईंचा नंबर त्यांच्या राजधानीतल्या ऑफिसचा आहे. इथे अकरा म्हणजे तिकडे पहाट. वाटलं कोणी उचलणार नाही. दोन रिंगांत उचलला! मोठ्या माणसांना कामाची हौसच असते.

पण 'हॅलो' नाही. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग मॅडम, डब्लिनहून." काही नाही. फक्त मोठ्या खोलीचा आवाज. पंखा असावा. मग एक खुर्ची करकरली. माझ्यासारख्यांशी बोलत नसतील, ठीक आहे.

मारिसेलमॅडम आल्या होत्या. दारावर मी चिकटवलेला कागद वाचत उभ्या राहिल्या — त्यांचं नाव, खाली मार्गदर्शकाचं. बराच वेळ.

"हे तू लावलंस?"

"हो मॅडम. काही चुकलं का?"

"नाही. बरोबर लिहिलंयस."

बरं वाटलं. त्यांनी छातीवर क्रॉस केला आणि आत गेल्या. हेडसेट घातला. मी काचेबाहेर माझ्या टेबलाशी. आतलं ऐकायचं नाही हा नियम. मी ऐकत नाही.


२९ सप्टेंबर

एक गोष्ट लिहून ठेवतो. माझ्या बोर्डवर प्रत्येक लाइनीला हिरव्या पट्ट्या असतात. कोणी बोललं की वर चढतात. मारिसेलमॅडम बोलतात तेव्हा त्यांच्या पट्ट्या नाचतात. मग त्या थांबतात, मान हलवतात, काहीतरी लिहून घेतात — तेव्हा पलीकडच्या पट्ट्या चढायला हव्यात.

चढत नाहीत. एकही नाही.

मीटर बिघडलं असेल. दुपारी फिंटनला त्याच लाइनीवर घेतलं. तो खोकला तरी पट्ट्या लाल! "ग्रँड आहे की, एकदम ठीक," म्हणाला.


६ ऑक्टोबर

खोलीतले दिवे सेन्सरवर आहेत. आत माणूस हलला नाही की आपोआप जातात. आज मारिसेलमॅडम ऐकत होत्या. इतक्या स्थिर बसून ऐकत होत्या की सेन्सरला खोली रिकामी वाटली. दिवे गेले. बाहेर पाऊस, काळवंडलेलं. काचेतून नुसती त्यांची आकृती दिसत होती, एक हात कानाशी.

मी दार ठोठावलं नाही. हात पुढे गेला होता. मागे घेतला.


१३ ऑक्टोबर

मंगळवार. लाइन लागली. पट्ट्या नाहीत. कोर्सची असाइनमेंट अजून दिलेली नाही. सँट्रीच्या बसमध्ये आज मी एकटाच. ड्रायव्हरही बोलला नाही.


२० ऑक्टोबर, मंगळवार

उद्या रात्रीपासून पुन्हा सगळं बंद. आमच्यासारख्या थोड्यांना कामावर यायचं पत्र मिळालं आहे. पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं.

तास संपल्यावर मारिसेलमॅडम स्वतःहून बोलल्या. मी विचारलं होतं, बाई कशा आहेत?

"कडक! तेच तेच पुन्हा सांगायला लावतात. अर्धवट सोडू देत नाहीत." आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग म्हणाल्या, "नऊ वर्षं मी खिडकीत बसून लोकांना एकच प्रश्न विचारते — तुम्हाला का जायचंय? दिवसभर. आणि मुलाखतीत ते मला विचारतात, तुम्हाला हे पद का हवंय? की झालं! माझ्याकडे प्रश्नच आहेत, ऋषी. उत्तरं सगळी काचेच्या पलीकडच्यांची."

मुलाखत एकोणीस नोव्हेंबरला. या पदासाठी. नागरिकांना मदत करणारा विभाग आहे, तिथली वरिष्ठ सहायक. कायमची नोकरी.

व्हावं त्यांचं. खरंच व्हावं.


३० ऑक्टोबर, शुक्रवार

आज अक्षर वाईट येतंय.

सकाळी लुहानसाहेब म्हणाले, "तुम्हा लोकांना झेंडू कुठे मिळतो ठाऊक असेल." त्यांच्यात दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस करतात. टेबल मांडायचं, फुलं, मेणबत्त्या, गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं. इंडियन दुकानात दसऱ्याचा उरलेला झेंडू होता, थोडा मलूल. घेऊन गेलो. खालच्या दालनात टेबल मांडलं. कोणीच नव्हतं, आम्ही दोघंच. मेणबत्त्या फिंटनने कपाटातून काढून दिल्या.

शेवटी लुहानसाहेबांनी पिशवीतून एक फ्रेम काढली. "ही मध्ये. वर."

पांढऱ्या केसांच्या बाई, चष्मा, ओठ घट्ट मिटलेले. खाली नाव. अम्पारो व्हियेगास. १९५७–२०२०.

मी विचारलं. मला वाटतं मी मराठीत विचारलं. कारण ते म्हणाले, "काय?"

"या... कोण, सर?"

"अम्पारो! मंडळ तिने उभं केलं. ही मार्गदर्शकांची पद्धत तिची. एप्रिलमध्ये गेली, याच आजाराने. आम्ही प्रत्येक मीटिंगला तिचं नाव घेतो, ऐकलं नाहीस? जो गेला त्याचं नाव शेवटी घ्यायचं, आणि त्याच्या वतीने सगळ्यांनी हजेरी द्यायची. आमच्याकडची रीत आहे."

मी फ्रेम सरळ केली. ती सरळच होती.

त्यांना सांगितलं नाही की गेल्या मंगळवारी मी यांना फोन लावला होता. आणि यांनी उचलला होता.


३१ ऑक्टोबर

सकाळी दूध गरम करताना लक्षात आलं. मारिसेलमॅडम त्या मीटिंगला होत्या. पहिल्याच रांगेत. सगळ्यांबरोबर त्याही ओरडल्या होत्या!

त्यांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

दूध उतू गेलं.


३ नोव्हेंबर, मंगळवार

बोललो. दारातच.

"मॅडम, माझी चूक झाली. मला ती रीत माहीत नव्हती. दुसरं नाव देतो, आत्ता देतो."

त्या कोट काढत होत्या. थांबल्या. "कुठली चूक?"

"त्या... त्या नाहीत ना."

"नाहीत," त्या म्हणाल्या. "शेवटची प्रार्थना मी लॅपटॉपवर बघितली. मुलीचा लॅपटॉप."

"मग तुम्ही आत जाऊन —"

"इहो," म्हणाल्या. म्हणजे बाळा. "पहिल्या खेपेला मला एक साहेब दिला होता. बोलताना टाइप करत असायचा, मला खटखट ऐकू यायची. दुसऱ्या खेपेला एक बाई. दर वेळी मला सांगायची की तुमचं इंग्रजी छान आहे, आणि पाच मिनिटं आधी ठेवायची. या खेपेला दारावर अम्पारोचं नाव दिसलं. मला वाटलं, हा पोरगा धीट आहे."

धीट! मी!

"पण फोन कोण उचलतं, मॅडम?"

"लावतोस तू. तुला ठाऊक."

"मला नाही ठाऊक. आणि पलीकडून आवाजच नाही. माझ्या बोर्डवर —"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. खिडकीत बसून अपुरे कागद आणलेल्या माणसाकडे पाहत असतील, तसं. "अकरा वाजले," म्हणाल्या. "लाव."

लावला. बोटाने नंबर चुकला, पुन्हा लावला. दोन रिंगा. उचलला.


८ नोव्हेंबर, रविवार

सुहासिनीताईचा फोन. ताई म्हणजे मोठ्या काकांची, लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. दर रविवारी करते. तिला सगळं सांगितलं. आधी खूप हसली.

"हृष्या, तू अजून तसाच रे! लहानपणी टीव्ही बंद केला की काळ्या पडद्यात कोणीतरी दिसतं म्हणून त्यावर टॉवेल टाकायचास. आजी ओरडायची, माझा टॉवेल कुठाय!"

"ताई, मी सीरियसली सांगतोय."

"बरं बरं. सीरियसली." तिने पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "इथे आम्ही पेशंटच्या कानाशी टॅबलेट धरतो," ती म्हणाली. "व्हेंटिलेटरवरचे. शुद्धच नसते. घरचे बोलतात पलीकडून. गाय व्याली, अमक्याचं लग्न ठरलं, असलं काहीबाही. मी हात दुखेपर्यंत धरून उभी असते. उत्तर येत नाही म्हणून अजून कोणी फोन ठेवलेला मी बघितला नाही."

"पण तिथे माणूस असतं तरी. इथे पलीकडे कोणीच नाहीये."

"इथेही कधी कधी नसतं," ताई म्हणाली. "आपल्याला नंतर कळतं." आणि लगेच, "जेवलास का?"

फोन ठेवताना म्हणाली, मुलाखत होईपर्यंत त्या बाईचा फोन बंद करू नकोस. पापबिप काही नसतं, पण ते पाप होईल.


१० नोव्हेंबर, मंगळवार

नियम मोडला. मी हेडफोन लावला.

मारिसेलमॅडम स्पॅनिशमध्ये बोलत होत्या. मला कळत नाही, फक्त 'व्हिसा' कळलं. मग त्या थांबल्या. मी कान लावला. पंखा. ती मोठी खोली. खुर्ची एकदा करकरली. बस्स. पट्ट्या शून्यावर. काचेपलीकडे मारिसेलमॅडम मान हलवत होत्या — आणि मग अचानक खदखदून हसल्या. कोणीतरी चेष्टा केल्यावर आपण हसतो तशा. तोंडावर हात ठेवून.

माझ्या कानात काहीच नव्हतं.

दुपारी जिन्यात लुहानसाहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. अम्पारोबाईंचा ऑफिसचा नंबर अजून चालू असेल का?

"मे महिन्यातच तोडला. मला तिच्या मशीनवरचा आवाज हवा होता. 'मी जागेवर नाही, निरोप ठेवा' — तेवढाच. मी पत्र लिहिलं खात्याला. उत्तर आलं, लाइन तोडली आहे, काहीही शिल्लक नाही." जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून ते एक पायरी उतरले. "तिचा आवाज आता कुठेच नाही, ऋषी. कसं बोलायची तेही विसरत चाललोय मी."

मी घरी चालत आलो. बस आली होती, चढलो नाही.


१४ नोव्हेंबर

दिवाळी. एक पणती, खिडकीत. ताईने पाठवलेल्या चकल्या पार्सलमध्ये भुगा होऊन आल्या. चमच्याने खाल्ल्या.


१७ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाखतीआधीची शेवटची लाइन. बाहेर आल्या तेव्हा मारिसेलमॅडमचा चेहरा उतरलेला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं, मी असं विचारतोय.

"म्हणाली, परवा मला फोन लावू नका. परवा तुझं तुलाच बोलायचंय."

लावणार नव्हतोच.


१९ नोव्हेंबर, गुरुवार

मुलाखत झाली. क्रमाने लिहितो.

तीन अधिकारी, तीन शहरांतून, स्क्रीनवर, तीन लाइनी. चौथी खोलीची. मुलाखतीचं रेकॉर्डिंग करायचं असतं, त्यामुळे आज हेडफोन लावायची मला अधिकृत परवानगी. दहाला सुरू. मारिसेलमॅडमनी निळा कोट घातला होता. कॉलर सारखी चाचपत होत्या.

पहिला प्रश्न बरा गेला. दुसरा ठीक. मग अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला हे पद का हवंय?

काही नाही.

त्यांचे ओठ हलले. पट्ट्या नाही हलल्या. कोणीतरी कागद चाळला. मला घाम फुटला, मी काचेवर हात ठेवला, जसं काही त्यांना दिसणार होतं. गेल्या दोन्ही खेपांना इथेच संपलं होतं. तिघंही गप्प, खोली गप्प, मोठी शांतता, आणि मला वाटलं — गेलं. संपलं.

मग मारिसेलमॅडमनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला. हळूच म्हणाल्या, "सी, सेन्योरा." होय बाई. आणि इंग्रजीत सुरू झाल्या.

"नऊ वर्षं मी हा प्रश्न विचारते आहे. एक म्हातारा आला होता, गॉलवेचा. भावाची कबर बघायला जायचं होतं त्याला. भेटीचं कारण लिहायचं असतं. कबर बघणं असं कारणच आमच्याकडे नाही. माझा साहेब म्हणाला, पर्यटन लिही. मी लिहिलं, कुटुंबाला भेट. मला ओरडा बसला. पण ते खरं होतं. मला असं पद हवंय जिथे असं लिहायला मला कोणाची परवानगी लागणार नाही."

त्यापुढे त्या बोलतच राहिल्या. कोणी मध्ये बोललं नाही. शेवटी अध्यक्षांनी तीनदा थँक यू म्हटलं.

काचेवर माझा हात उमटला होता. पुसला.


४ डिसेंबर, शुक्रवार

झालं! मारिसेलमॅडम पास! कायम नोकरी!

फिंटन गेटवरूनच ओरडला, "केलं बघ तिने, केलं!" मिठी मारायला बंदी, म्हणून सगळे कोपराला कोपर लावत होते. त्यांची मुलगी आली होती, आईशी डब्लिनच्या इंग्रजीत बोलत होती, आई स्पॅनिशमध्ये. दोघी एकदमच रडत होत्या. मला बाळाच्या आकाराचा एक गोड पाव दिला. बोलिव्हियात मृतांच्या दिवशी करतात म्हणे, या वर्षी उशीर झाला.

घरी आणलाय. खायचा की नाही ठरत नाही. चेहरा आहे त्याला.


८ डिसेंबर, मंगळवार

लुहानसाहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. मला वाटलं नोकरी गेली.

"मुलाखतीच्या अध्यक्षांचं पत्र आलंय. मारिसेलचं फार कौतुक. आणि एक बारीकशी तक्रार." त्यांनी वाचून दाखवलं. मुलाखतीत लाइनीवर आणखी एक बाई होत्या. उमेदवार अडखळली तेव्हा त्या म्हणाल्या की चष्मा काढ, माणसं दिसली नाहीत की बोलता येतं. सल्ला उत्तम होता, पण त्यांची आधी ओळख करून द्यायला हवी होती. "तिघांनीही ऐकलं म्हणतात. कोण होतं, ऋषी?"

"सर, बाहेरच्या तीनच लाइनी होत्या. मी शपथ घेतो. मी ऐकत होतो. तिथे शांतता होती."

"रेकॉर्डिंग लाव."

लावलं. त्यांना हेडफोन दिला. प्रश्न संपला तसं मी बोट वर केलं, आता. शांतता आता. पडद्यावर रेघ सपाट.

लुहानसाहेबांचा चेहरा... मला लिहिता येत नाही. आधी त्यांनी भुवया आवळल्या. मग तोंड उघडलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला आणि डोळे मिटले.

"पुन्हा," म्हणाले.

पुन्हा लावलं. पुन्हा. मास्क ओला झाला होता त्यांचा. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. "ऐक. असं बोलायची. अगदी असंच."

मी ऐकलं. खोली. कागद. मारिसेलमॅडमचा श्वास. चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"ऐकलंस?"

"हो सर," मी म्हणालो.

खोटं बोललो. आणखी काय म्हणणार?

निघताना म्हणाले, "तुझी जोडी मी सप्टेंबरमध्येच पाहिली होती. वाटलं, मारिसेलने मागितलं असेल. म्हणून काही बोललो नाही."

म्हणजे त्या तिघांनी ऐकलं. लुहानसाहेबांनी ऐकलं. मारिसेलमॅडम तर पहिल्या दिवसापासून ऐकताहेत. लाइन मी लावतो, हेडफोन माझ्या कानाला — आणि मलाच फक्त पंखा.


२१ डिसेंबर, सोमवार

मारिसेलमॅडमनी खिडकी सोडली. वरच्या मजल्यावर गेल्या. जाताना त्यांची उशी खुर्चीवरच ठेवली.

"ही जागा आता रिकामी," म्हणाल्या. "डिग्री लागत नाही. मुलाखत लागते. तुझ्या व्हिसाचे कागद दूतावास करतो. अर्ज कर."

"मला कोण समोर बसवेल, मॅडम? अर्धा डिप्लोमा, अर्धा कोर्स. आणि मी तुमच्या मंडळाचाही नाही."

"मग मार्गदर्शक माग."

"कोण?"

"कोण काय! मंगळवार आता मोकळाच आहे." आणि जिना चढताना वळून म्हणाल्या, "ती पासपोर्ट बघत नाही."


२९ डिसेंबर

अर्ज दिला. सहा वेळा वाचून. पाठवल्यावर सातव्यांदा वाचला.


५ जानेवारी २०२१, मंगळवार

अकरा वाजता काचेबाहेर उभा राहिलो. खोली रिकामी. दिवे बंद. आत गेलो नाही.

ताई रोज चौदा तास हॉस्पिटलात. रविवारी फोन आला नाही. आज मेसेज आला, 'जिवंत आहे. मेथीचे लाडू पाठव.'


१२ जानेवारी, मंगळवार

आज आत गेलो. दार लावून घेतलं. मारिसेलमॅडम बसायच्या त्या खुर्चीत बसलो, नंबर लावला. दोन रिंगा. पंखा. खुर्ची करकरली.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. कुठपर्यंत शिकलो ते सांगितलं. मग पुढे काही सुचेना, गप्प बसलो. दिवे गेले.

तेव्हा पलीकडून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ मराठीत.

"इतके महिने दाराबाहेर काय करत होतास?"